थाळनेरची शीट अखेर जागेवर बसली

मागच्या नोंदीत अडलेले कोडे सुटले. एक इंचास एक मैल या प्रमाणाची, एकोणिसाव्या शतकातली तापीकाठची शीट (सर्वेक्षण नकाशाचे पान) तिच्यावर छापलेल्या अक्षांश-रेखांशांवरून क्यूजीआयएस या नकाशे हाताळणाऱ्या संगणक प्रणालीत बसवली, की धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरचा किल्ला आजच्या जागेपासून चार किलोमीटरहून अधिक पूर्वेला सरकत असे. उत्तर-दक्षिण मात्र जवळजवळ बिनचूक जुळत असे.

पहिला संशय स्कॅनवर होता, कारण रोलरच्या यंत्रातून काढलेल्या प्रती लांबीत ताणल्या जातात आणि जुन्या नकाशांसाठी सपाट काचेच्या स्कॅनरला पर्याय नाही, हे माझे मत कायम आहे. परंतु ताणलेल्या कागदावर फरक एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे वाढत जातो. येथे शेजारच्या शीटांवरचे सोनगीर आणि लळिंग हे किल्लेही तितकेच, त्याच दिशेला सरकले होते. पृथ्वीचा आकार म्हणून तेव्हा धरलेल्या एव्हरेस्टच्या जुन्या लंबगोलामुळे पडणारा फरक आपल्या भागात फार तर एक-दोनशे मीटरांचा असतो, त्यामुळे तेही कारण टिकले नाही.

सर्वत्र एकच अंतर आणि एकच दिशा असेल, तर दोष मोजणीच्या आरंभबिंदूत असला पाहिजे, आणि तो तेथेच निघाला. त्या काळी भारताचे सर्व रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून धरले जात आणि वेधशाळेचा रेखांश ८० अंश १७ मिनिटे २१ सेकंद मानलेला होता. पुढे तारायंत्राने वेळ जुळवून पाहिल्यावर तो सुमारे अडीच मिनिटांनी (अंशाच्या, वेळेच्या नव्हे) जास्त असल्याचे ठरले. आपल्या अक्षांशावर हे अंतर सव्वाचार किलोमीटरांच्या आसपास भरते. जाळीच्या प्रत्येक रेखांशातून २ मिनिटे २७ सेकंद वजा केल्याबरोबर तिन्ही किल्ले आपापल्या जागी आले, आणि तो आनंद मी बराच वेळ पडद्यावर न्याहाळत राहिलो.

थिन प्लेट स्प्लाइन, म्हणजे नकाशा हवा तसा ताणून बिंदूंवर बसवणारी रीत, वापरण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता. त्याने प्रत्येक बिंदू ओढून बसवला असता, पण फरकाचे कारणही त्याच ओढाताणीत झाकले गेले असते. नकाशा पुरावा म्हणून वाचायचा असेल, तर साधे रूपांतर वापरून उरलेला फरक उघडा ठेवावा. नियंत्रण बिंदूही, म्हणजे जुना नकाशा आजच्या नकाशाशी जुळवण्याच्या खुणा, पाण्याच्या कडेवरून घेऊ नयेत. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेजेसमुळे तापीचे पात्र आज फुगलेले दिसते. किल्ल्यांचे बुरूज आणि टेकड्यांवरची सर्वेक्षणाची त्रिकोणमितीय ठाणी अधिक भरवशाची आहेत.

आता सुरत-बुऱ्हाणपूर वाट आखायला घ्यायची होती. १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याच वाटेने गेला, आणि त्याच्या माहितीवरून विल्यम बॅफिनने १६१९ मध्ये मुघल राज्याचा नकाशा तयार केला. नंदुरबार, थाळनेर, चोपडा हे टप्पे निश्चित आहेत; त्यांच्यामधली वाट कोणत्या नाल्यांवरून उतरत होती, हे जुन्या शीटांवरच्या गाडीवाटांवरून ताडून पाहायचे आहे. परंतु हे लिहिताना वाटते, की त्याआधी तापीला मिळणाऱ्या पांझरेवरचे फड बंधारे, म्हणजे नदी अडवून पाटाने शेतांच्या फडांना पाणी देणारे जुने बंधारे, घ्यावेत. तेथे गावनकाशे उपलब्ध आहेत. ते साखळीने मोजलेले असल्याने त्यांवर अक्षांश-रेखांश नाहीत, पण तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात, ते बिंदू आता दुरुस्त शीटवर शोधता येतील. बंधाऱ्यांचे पाट आणि फडांच्या सीमा त्या बिंदूंवर नीट बसल्या, तर वाटेवरच्या बेचिराग (ओस पडलेल्या) गावांसाठीही हीच रीत वापरेन. पहिला गावनकाशा या आठवड्यात सपाट काचेवर स्कॅन होईल.