दिवा पंधरा मिनिटांत, बल्ब पाच आठवड्यांत

दिवा निवडायला मला पंधरा मिनिटं लागली, त्यातली दहा भाव करण्यात गेली. त्यामुळे दिव्याचं पटकन सांगून टाकते आणि मग बल्बवर येते, कारण माझं डोकं फिरवलं ते बल्बनं.

इंदूरला आमच्या लालबागेत हस्तशिल्प मेळा लागला होता. हॉलच्या कोपऱ्यात, दिवाण आणि पुस्तकांच्या कपाटाच्या मधे ठेवायला एक छोटासा टेबल लॅम्प हवा होता. आमच्या हॉलमधे वर्षानुवर्षं ट्यूबलाइट, पांढरीफटक. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून संध्याकाळी त्यांना ती डोळ्यात टोचायची, आणि मला पण दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर रात्री घरात पुन्हा ऑफिससारखा उजेड नको व्हायचा. मेळ्यात लाकडी बुडाचा, बाघ प्रिंटच्या शेडचा दिवा दिसला. बाघ प्रिंट म्हणजे आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातल्या बाघची ठशांची छपाई, पांढरट कापडावर लाल आणि काळं. वायरवर उजेड कमी-जास्त करायला फिरवायचं बटण होतं, म्हणजे डिमर. विकणाऱ्यानं लावून दाखवला आणि शेडवरची लाल फुलं आतून अशी उजळली की मी यांच्याकडे न बघताच पर्स काढली. १४०० सांगितले, ११५० ला दिला. मग पॅक करताना त्यानं आतला बल्ब काढून स्वतःच्या ड्रॉवरमधे ठेवला. म्हणाला, "बल्ब साथ में नहीं आता दीदी, कहीं भी मिल जाएगा."

हे "कहीं भी" लक्षात ठेवा.

घरी आल्यावर कळलं की होल्डर आपला नेहमीचा पिनवाला नाही, आट्यांचा आहे, आणि तोही बारीक आट्यांचा. आपल्याकडे घरात सगळीकडे पिनवाला असतो, त्याला बी २२ म्हणतात. आट्यांचा जाड असेल तर ई २७ आणि बारीक असेल तर ई १४, तो आकडा म्हणजे मिलीमीटरमधली जाडी. हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तेव्हा माहीत नव्हतं म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन "लॅम्पचा बल्ब द्या" म्हणाले आणि पिनवाला घेऊन आले. पहिले साठ रुपये गेले.

मग महाराणी रोड. इंदूरमधे बिजलीचं काहीही हवं असेल तर सगळे तिकडेच पाठवतात. शनिवारी दुपारी गेले ही माझी चूक, गाडी लावायलाच वीस मिनिटं, आणि कुणी जाणार असाल तर दुकानं उघडल्या उघडल्या जा, त्या वेळी माणसं ऐकून घेतात. पहिल्या चार दुकानांत "छोटी चूडी? नहीं आता." पाचव्यात एक मिळाला. मी म्हटलं वॉर्म हवा. तो म्हणाला, "वॉर्म ही है आंटी." (आंटी! मी त्रेचाळीसची आहे.) लावून दाखवा म्हटलं तर त्याच्या टेस्टिंग बोर्डावर सहा होल्डर, सहाही पिनवाले. घर जाके देख लो.

घरी जाऊन बघितला. ट्यूबपेक्षा पांढरा. शेडवरचा तो सुंदर लाल रंग वाळलेल्या कुंकवासारखा दिसायला लागला आणि सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय गं."

तेव्हा पहिल्यांदा मी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं, ६५०० के. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप. त्याचं गणित उलटं आहे, आकडा जितका कमी तितका उजेड उबदार. मेणबत्ती १९०० च्या आसपास, जुना तारेचा पिवळा बल्ब २७००, आणि आपण घरोघरी लावतो ते पांढरे ६५००. लॅम्पसाठी २७०० घ्या, फार तर ३०००, त्याच्या वर जाऊच नका. आणि दुकानदाराला "वॉर्म" म्हणू नका, आकडा सांगा, कारण वॉर्मचा अर्थ प्रत्येक दुकानात वेगळा आहे.

दुसऱ्या दिवशी बदलायला गेले तर म्हणे खोकं लागेल. खोकं सकाळीच सासूबाईंनी सुक्या कचऱ्यात टाकलेलं आणि कचरा गाडी घेऊन गेलेली. स्वच्छतेत शहराचा नंबर २०१७ साली पहिला आला तेव्हापासून आमच्या घरात सुका कचरा सकाळच्या गाडीपलीकडे थांबत नाही. बिल मागितलं होतं का, तर नाही. ऐंशी रुपयांच्या बल्बचं बिल कोण मागतं, पण मागा. माझ्यासमोर त्यानं त्याच बल्बचं दुसरं खोकं काढलं आणि दाखवलं की ऐसा डिब्बा चाहिए. मी म्हटलं मग हेच वापरा ना. तो हसला. मी नाही हसले.

त्याच तिरमिरीत शेजारच्या दुकानात गेले आणि तिथे मला "पीला चाहिए ना?" म्हणून चक्क पिवळ्या रंगाचा झिरोचा बल्ब दिला, पिनवाला, आणि सोबत पिनवाल्यातून बारीक आट्यांत जाणारा कन्व्हर्टर. पिवळा रंग आणि उबदार उजेड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो लावल्यावर भिंत, सासूबाई, यांचा पांढरा झब्बा, सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दिसत होतं. वरून कन्व्हर्टरमुळे बल्ब इतका उंच गेला की शेडच्या वर बोटभर डोकावत होता आणि बसलं की थेट डोळ्यात. शेडच्या आत बल्ब पूर्ण लपला पाहिजे, आणि आपण बसल्यावर शेडची खालची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत यायला हवी, हे दिवा घेतानाच बघायचं असतं. मी ते मेळ्यात उभ्यानं बघितलं होतं.

इथपर्यंत तीन आठवडे. यांचं म्हणणं सुरू झालं की ऑनलाइन मागव. मागवला. ई १४, ३००० के, चार वॅट, सगळं बरोबर. लावला, आणि पहिली पाच मिनिटं खरंच डोळे निवले. मग मी डिमर फिरवला. दिवा मंद व्हायच्या ऐवजी फडफडायला लागला, वादळात वीज जायच्या आधी होतं ना तसं, आणि बुडातून बारीक गूंऽऽ आवाज. पूर्ण मोठा केला तरी मोबाइलचा कॅमेरा धरला की काळे पट्टे सरकताना दिसायचे.

आता खरी चीड इथून पुढे. विकणाऱ्याला तक्रार केली तर उत्तर आलं, व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल. कॉलनीतला वायरमन बोलावला, त्यानं पण व्होल्टेज. महाराणी रोडवर विचारलं, व्होल्टेज. घरात फ्रीज चालतोय, पंखे चालताहेत, ट्यूब शांतपणे जळतेय, आणि व्होल्टेज फक्त या एका दिव्यापुरतं खराब! दहा दिवस यात गेले. शेवटी खोक्याच्या तळाशी (या वेळी खोकं मी कपाटात कुलपात ठेवलं होतं) सापडलं, "नॉन डिमेबल". जुन्या तारेच्या बल्बला डिमर चालतो, साध्या एलईडीला नाही चालत, त्याच्या आतलं सर्किट गोंधळतं. मेळ्यातल्यानं ड्रॉवरमधे ठेवला तो तारेचाच बल्ब होता. म्हणजे दिवा खरा होता, दाखवलेला उजेडही खरा होता, फक्त तो उजेड मला विकलेला नव्हता.

तोडगा निघाला तो झुंबरांच्या दुकानात. त्याच रोडवर आतल्या गल्लीत, मी खरं तर सावलीला उभी होते. वर बघितलं तर प्रत्येक झुंबराला मेणबत्तीच्या आकाराचे छोटे बल्ब, सगळे बारीक आट्यांचे, सगळे उबदार. पाच आठवडे मी बल्बच्या दुकानात बल्ब शोधत होते! आतल्या मुलानं न बोलता एक ड्रॉवर ओढला, त्यात २७०० चे, दोन वॅटचे, आत पिवळ्या काड्या दिसतात तसले काचेचे एलईडी बल्ब, आणि टेस्ट करायला बारीक आट्यांचा होल्डर. त्यानंच सांगितलं की डिमर काढून साधं बटण लावा, उजेड कमी हवा तर बल्बच छोटा घ्या. ल्युमेन म्हणजे उजेड किती त्याचं माप, आणि असल्या बल्बचे दोन वॅट म्हणजे साधारण दोनशे ल्युमेन. जुना साठ वॅटचा तारेचा बल्ब सातशेच्या आसपास द्यायचा, पण कोपऱ्यातल्या दिव्याला दोनशे पुष्कळ झाले. दोन बल्ब घेतले, बिल घेतलं, खोकी जपली.

याच गावात १९३०च्या दशकात महाराज यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेझियस नावाच्या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग हा आपला राजवाडा सजवून घेतला होता, तिथल्या काही खुर्च्यांमधेच वाचायचे दिवे बसवलेले होते. सामान १९८० मधे लिलावात गेलं आणि माणिकबागेत आता टॅक्सचं सरकारी ऑफिस आहे. महाराजांचे बल्ब कोण आणत असेल हा विचार माझ्या डोक्यात हल्ली येतो.

राहिलं एक, दिवा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, भिंतीवर उजेड पसरतो तीच तर मजा. आणि टीव्हीच्या समोर ठेवू नका, काचेत दिसत राहतो.

आता लाल फुलं पुन्हा मेळ्यातल्यासारखी दिसतात, सासूबाई सात वाजले की "तो छोटा लाव" म्हणतात. फक्त वायरमननं नवं बटण वायरवर इतकं खाली लावलंय की ते दिवाणामागे जातं, आणि ते शोधायला हे रोज आधी ट्यूब लावतात.