कायोटीच्या फाशासाठी केबल आणि लॉक निवडताना: माझा अनुभव

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मध्य भागात आमचा मेंढ्यांचा छोटा कळप आहे. कायोटी हा लांडग्या-कोल्ह्यांच्या कुळातला रानटी प्राणी. अमेरिकेच्या पूर्व भागातील कायोटी पश्चिमेकडील कायोटीपेक्षा अंगाने मोठी असते, पूर्ण वाढलेला नर वीस किलोंच्या आसपास भरतो, आणि आमच्याकडे कोकरे जन्मतात ती ऐन थंडीत. विजेचे कुंपण होते, राखणीला ग्रेट पिरेनीज जातीची एक कुत्री होती, तरीही ओढ्याच्या बाजूने कोकरे नाहीशी होत राहिली, तेव्हा माझ्या पतीने आणि मी केबलचे फास, म्हणजे प्राण्याच्या वाटेवर लावलेले आणि त्याने ओढताच आवळणारे तारेचे फेर, लावण्याचा निर्णय घेतला. आमची कुत्री रात्रभर मोकळी हिंडते. ज्या वाटेने कायोटी येते त्याच वाटेने तीही जाते, त्यामुळे ती फाशात सापडली तरी सकाळी सुखरूप सुटली पाहिजे, ही अट आम्ही प्रत्येक वस्तू निवडताना सर्वांत वर ठेवली.

या राज्यात असे फास मनाला येईल तसे लावता येत नाहीत. गेम कमिशनचे (राज्याच्या वन्यजीव विभागाचे) प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, परवाना वेगळा काढावा लागतो आणि डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतच्या ठरावीक काळातच ते लावता येतात. नियम मापांसह दिलेले आहेत: केबल किमान 3/32 इंच, म्हणजे सुमारे 2.4 मिलिमीटर जाडीची. लांबी 7 फुटांपेक्षा जास्त नको. फाशाचा व्यास 12 इंचांपेक्षा मोठा नको. (भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार फास लावून वन्यप्राणी पकडणे ही शिकारच ठरते, त्यामुळे हे वाचून गावाकडे कोणीही असा प्रयोग करू नये.)

केबल निवडणे मला वाटले होते त्याहून कितीतरी गुंतागुंतीचे निघाले. दुकानात सगळ्या केबली सारख्याच दिसतात, परंतु फरक त्यांच्या पिळात असतो. 7 गुणिले 7 प्रकारात सात पेड असतात आणि प्रत्येक पेडात सात तारा. 7 गुणिले 19 मध्ये पेड सातच, पण प्रत्येकात एकोणीस बारीक तारा. आणि 1 गुणिले 19 मध्ये एकाच पेडात एकोणीस जाड तारा. शेवटची केबल ताठ असते, फास झटकन मिटतो, म्हणून अनुभवी लोकांना ती आवडते, परंतु एकदा तिला तीव्र मुरड पडली की तिथेच ती कमकुवत होते.  7 गुणिले 19 मऊ आणि लवचिक, पण तिच्या बारीक तारा चावल्याने आणि घासल्याने लवकर सुटतात. आम्ही 3/32 इंचाची 7 गुणिले 7 केबल घेतली. तिची तुटण्याची मर्यादा 920 पौंड, म्हणजे चारशे किलोंहून अधिक असते. वीस किलोंच्या प्राण्यासाठी एवढी ताकद कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर असे, की केबल सरळ ओढून क्वचितच तुटते. ती पीळ पडून, मुरडून आणि चावून तुटते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: बारीक तार कातडीत रुतते, जाड केबल तितकी रुतत नाही.

लॉक, म्हणजे आवळलेला फास धरून ठेवणारा भाग, त्याच्या बाबतीत मात्र मी तडजोड करायला तयार नव्हते. काही लॉक एकदा आवळले की सैल होतच नाहीत आणि काहींना तर आवळत राहण्यासाठी स्प्रिंगही असते. हे प्रकार प्राण्याला मारण्यासाठीच बनवलेले आहेत. आम्हाला हवे होते ते ताण कमी होताच सैल होणारे लॉक, आणि कायद्यालाही तेच मान्य आहे. आम्ही निवडलेले लॉक म्हणजे सव्वा इंची वॉशर, दुमडून कोन दिलेला, दोन छिद्रे पाडलेला. प्राणी ओढतो तेव्हा केबल त्या छिद्रांतून वाकडी होऊन अडते. प्राणी थांबला, ताण गेला, की वॉशर किंचित मागे सरकतो. मी प्रत्येक लॉक एका गुंडाळलेल्या टॉवेलवर आवळून, मग केबल ढिली सोडून पाहिले. छिद्राच्या कडेला धातूचा खरखरीत काठ राहिला असेल तर वॉशर तिथेच अडकून बसतो, म्हणून असे लॉक कानशीने घासून घेतले, आणि तरीही न सरकणारे बाजूला काढले.

लॉकच्या जोडीला दोन गोष्टी लागतात. फास अडीच इंचांच्या आत मिटू नये म्हणून केबलवर एक फेरूल (धातूची छोटी नळी) ठोकून बसवतात. त्यामुळे हरणाचा पाय आत गेला तरी तो निसटून बाहेर येऊ शकतो. आणि मोठा प्राणी अडकलाच, तर 375 पौंडांच्या आतल्या ताणाला उघडणारा हूक लॉकपाशी असावा लागतो. खुंटीच्या टोकाला स्विव्हल (गोल फिरणारा सांधा) हवाच. तो नसेल तर प्राणी गोल फिरतो तसतसा केबलचा पीळ वाढत जातो, आणि वाढलेला पीळ लॉकला सैल होऊ देत नाही. पकडण्याच्या इतर साधनांवर खर्च करणारे लोक स्विव्हलवर पैसे वाचवतात, हे मला अजिबात पटत नाही.

नव्या केबलला तेल आणि चकाकी असते. आम्ही ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळली; पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि केबल निस्तेज राखाडी झाली. त्यानंतर ती स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवली.

नियमानुसार फास 36 तासांत तपासावा लागतो. आम्ही रोज पहाटे जातो. एकदा प्राणी अडकला की ती केबल आम्ही पुन्हा वापरत नाही, मग ती कितीही धड दिसो. लॉक आणि स्विव्हल काढून घेतो, पुन्हा टॉवेलवर तपासतो आणि नव्या केबलवर चढवतो.