काच, सिलिकॉन आणि टपावरची टाकी

काचेच्या धंद्यात माझा एकच वैरी आहे, सिलिकॉनची नळी. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, लावायला अक्कल लागत नाही, आणि लावल्यावर एखादा पावसाळा निभावूनही जातो. मग गाडी माझ्याकडे येते.

साताऱ्याजवळ हायवेला माझं वर्कशॉप आहे. कामं बहुतेक ट्रकची, ट्रॅव्हल्सची आणि शाळेच्या बसची. पुढची काच फुटली की बदलायची, काचेभोवतीचं रबर सडलं की नवं टाकायचं. 2021 मध्ये सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आत घर थाटलेल्या गाड्याही अधूनमधून दिसायला लागल्या. त्यातलीच ही एक. मिनीबसच्या चासीवर खासगी बॉडीवाल्याकडून बांधून घेतलेली. मागे दोन बेड, ओटा, संडास-बाथरूम, आणि पुढे चांगली सात फूट रुंद अखंड काच. मालक पुण्याचे, नोकरीतून निवृत्त झालेलं जोडपं. ऐन आषाढात, महाबळेश्वरहून खाली येताना थेट माझ्या दारात.

"मिस्त्री, काच गळतीये. दोघांना दाखवून झालं. एक म्हणतो काचच बदला."

दाखवून झालं होतं ते दिसतच होतं. रबराच्या चहूकडून पांढऱ्या सिलिकॉनचा थर, त्यावर दुसऱ्याने मारलेला काळ्याचा थर. खालच्या बाजूला अंगठा दाबला तर आतून पाणी पिचकत होतं. बाहेरून असं लिंपलं की आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाटही बंद होते. ते रबराखाली पत्र्यावर मुक्काम ठोकतं. त्यात आंबूस वासाचं स्वस्तातलं सिलिकॉन असेल तर ते स्वतःच लोखंडाला गंज आणतं. काचेच्या कडेला पांढरट छटा आली होती. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा. कडेला सतत ओल राहिली की तो सुटायला लागतो. पण ते नजरेच्या टप्प्यात नव्हतं, काच बदलायचं काही कारण नव्हतं.

पाणी पडत होतं डाव्या बाजूला, काकूंच्या पायाशी. तिथेच डॅशबोर्डखाली फ्यूजबॉक्स. काकांच्या म्हणण्यानुसार परवा वायपर आपोआप सुरू झाला आणि बटण बंद केलं तरी थांबेना.

पाइप लावला. पाणी मारायचं ते खालून वर सरकत. वरून मारलं की सगळीकडेच ओघळ, कुठून शिरलं ते कळत नाही. पोरगा बॅटरी घेऊन आत बसला. खालची कड झाली, दोन्ही बाजू झाल्या, वरची झाली, टपावरचे दिवेही धुऊन काढले. आत ठणठणीत कोरडं.

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे आम्ही काय खोटं सांगतोय का?"

काकू तोवर गप्प होत्या. म्हणाल्या, "अहो, सपाटीवर नाहीच गळत. मी यांना कधीची सांगतेय. केळघर घाटात वळण आलं की इथं वर कर्रकन वाजतं, आणि मग पायावर पाणी."

दोन्ही मिस्त्र्यांनी काकांनाच विचारलं असणार. गाडी काका चालवतात ना, मग माहिती त्यांनाच!

लाकडाचा जाड ओंडका आणला आणि उजवं पुढचं चाक त्यावर चढवायला लावलं. एकच चाक उचललं की चासी पिळते, तिच्याबरोबर बॉडीही पिळते. घाटात हेच होतं. पुन्हा पाइप मारला. वरच्या डाव्या कोपऱ्याशी पोचतोय तोच पोरगा आतून ओरडला, "आलं, आण्णा!" मी शिडीवर चढून बघितलं. रबर आणि बॉडी यांच्यात हॅक्सॉचं पातं आरामात आत जात होतं. शिरकाव वरून होता. पाणी आतल्या खांबातून, वायरिंगच्या जुडग्याला धरून खाली फ्यूजबॉक्सवर यायचं. खाली पाणी दिसतं म्हणून दोघांनी खालची कड लिंपून ठेवलेली.

काच उतरवली. तीस किलोच्या आसपास वजन, सक्शन कप लावून चौघांनी धरली. सिलिकॉन पात्यानं खरवडूनच काढावं लागतं, थिनरनं पुसायला गेलं की नुसतं पसरतं. अर्धा दिवस त्यातच गेला. रबर ज्यावर बसतं ती खालची पत्र्याची पट्टी गंजून बिस्किटासारखी हातात आली, तेवढा तुकडा कापून नवा घालावा लागला. हे अपेक्षितच होतं. वरच्या कोपऱ्यात मात्र रबराचा सांधा नेमका वळणावर आला होता. रबर कमी पडलं म्हणून बसवणाऱ्यानं ओढून पुरवलेलं. ताणलेलं रबर आज ना उद्या आखडतंच, आणि सांधा उघडतो.

पण नुसत्या रबरानं कर्रकन आवाज येत नाही. म्हणून आतलं पॅनेल उघडलं. खांबाचा चौकोनी पाइप टपाच्या पाइपला मिळतो तिथं वेल्डिंग तीनच बाजूंनी होतं. चौथ्या बाजूला गाडीच्या तोंडावरचा फायबरचा मुखवटा आडवा येत होता, म्हणून बॉडीवाल्यानं ती सोडून दिलेली. आणि उरलेल्या तिन्हींपैकी एका बाजूला तडा गेला होता. काकांना शिडीवर चढवून दाखवला. बराच वेळ बघत राहिले.

मग मी टपावर गेलो. अगदी पुढच्या कडेला दोनशे लिटरची पाण्याची टाकी. उंचावर असली की पंपाशिवाय शॉवर चालतो, ही काकांची स्वतःची आयडिया. भरली की दोनशे किलो वजन घाटाच्या प्रत्येक वळणावर इकडून तिकडे डुलणार, आणि सगळा भार त्या कोपऱ्यावर.

"टाकी खाली घ्या."

"टाकीचा काय संबंध? काच गळते म्हणून आलोय मी."

"मग काच बसवून देतो. पुढच्या पावसाळ्यात तडा दुसऱ्या बाजूला दिसेल."

वाद बराच रंगला. शेवटी काकू म्हणाल्या, "पाय माझे भिजतायत," आणि विषय संपला. टाकी बेडखाली गेली.

पुढचं काम सरळ. बॅटरीच्या वायरी सोडल्या, फायबर थोडं कापून चौथी बाजू वेल्ड केली, कोपऱ्यात तिकोनी पट्टी मारली, इपॉक्सी प्रायमर आणि रंग लावून चांगलं वाळू दिलं. नवं रबर मापापेक्षा दोनेक इंच जास्तच कापलं आणि काचेवर दाबून बसवलं, सांधा वरच्या कडेच्या मधोमध घेतला. खाचेत न सुकणारा काळा मसाला भरला. मग साबणाचं पाणी लावून रबराच्या ओठात नायलॉनची दोरी फिरवली; बाहेरून दोघं काच दाबतायत, आतून मी दोरी ओढतोय, आणि रबराचा ओठ इंचाइंचानं पट्टीवर चढतोय. या कामात घाई केली की काच कोपऱ्यातून तडकते आणि आठवडा वाया.

पुन्हा तोच ओंडका, तोच पाइप. यावेळी डावं चाकही चढवून बघितलं. मग भर पावसात यवतेश्वरचा घाट चढून आलो, काकू पुढच्या सीटवर चप्पल काढून बसलेल्या. आवाजही नाही, थेंबही नाही.

बिलावर काका अडले. काचेच्या गळतीत वेल्डिंग कुठून आलं, विचारत होते. काकूंनी पर्स उघडून पैसे दिले.

गणपतीत त्यांचा कोकणातून फोन आला. काच कोरडी होती, वायपरही शहाण्यासारखा वागत होता. तक्रार एकच. टाकी खाली गेल्यामुळे शॉवरला पंप लावावा लागला, आणि काकू रात्री हात धुवायला गेल्या की त्याच्या घरघरीनं काकांची झोप मोडते. त्यावर मी काही करू शकतो का, असं विचारत होते. म्हटलं, पंपाखाली रबर टाका. पाठवतो.