आठवड्याची गोळी आणि सकाळचा चहा

खुब्याचं हाड मोडलं की पहिला बोल लागतो मोरीतल्या ओल्या लादीला. लादी दोषी आहेच. पण साधं उभ्याचं पडून मोडावं इतकं ते हाड ठिसूळ झालं होतं, त्याचं काय? बऱ्याचदा आत रॉड बसतो, टाके निघतात आणि ठिसूळपणाचं औषध सुरूच होत नाही.

सोसायटीच्या शिबिरात हाडांची घनता बघायला टाचेला लावतात ते यंत्र चाळणीपुरतं ठीक. ठिसूळपणाचं निदान करायचं ते कंबर-खुब्याच्या डेक्सावर, म्हणजे घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीवर. तरुण, निरोगी हाडाशी तुलना करणारा तिचा आकडा, टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याहून खाली असला की हाड ठिसूळ. तरी नुसत्या आकड्यावर भुलू नये. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या सोडियम फ्लोराइडच्या चाचणीत कण्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. मणके मोडायचे फारसे कमी झाले नाहीत, उलट इतर हाडं जास्त मोडली. औषध जोखायचं ते फ्रॅक्चर मोजून.

त्या कसोटीला हाडांची झीज रोखणारं अ‍ॅलेंड्रोनेट उतरलं. १९९६च्या चाचणीत, आधीच मणका दबलेल्या स्त्रियांमध्ये नवे मणके मोडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तेव्हा गोळी रोजची होती, आता ७० मिलिग्रॅमची आठवड्यातून एक.

घोळ होतो तो घेण्यात. अनशापोटी घेतली तरी जेमतेम ०.७ टक्के औषध अंगी लागतं. कॉफीसोबत त्यातलंही निम्म्याहून जास्त वाया. म्हणून पेलाभर साधं पाणी, आणि पुढचा अर्धा तास चहा, बिस्किट, दुसरी गोळी काही नाही. कॅल्शियम तर जेवणानंतरच, ते या औषधाला धरून ठेवतं. गोळी घेऊन पुन्हा आडवं झालात तर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा घ्यावी, माणूस तसाही उभाच असतो. भरलेली बादली मात्र दुसऱ्या कोणी उचलावी. मूत्रपिंड कमजोर असेल तर ही गोळी चालेलच असं नाही. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन आधी बघावं.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी साधारण आठवड्याची असते. ती रोज घेणारे भेटतात!

हाडांची झीज रोखणाऱ्या डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी, ६० मिलिग्रॅम. इथे 'गणपती झाले की बघू' चालत नाही. सातव्या महिन्यापलीकडे लांबलं की वाढलेली घनता झपाट्याने उतरते, आणि एकामागून एक मणके दबू शकतात. थांबवायचंच असेल तर पाठोपाठ झोलेड्रोनिक अ‍ॅसिडसारखं दुसरं औषध लागतं. पुढची तारीख दवाखान्यातून निघतानाच कालनिर्णयवर लिहावी.