रोलँड: चालू सिनेमात मध्येच डोकावणारा भुताळी निवेदक

हॉरर होस्ट, म्हणजे टीव्हीवर भयपट दाखवताना मध्येमध्ये येऊन गप्पा मारणारा निवेदक, म्हटलं की शवपेटी, कोळिष्टकं आणि खदाखदा हसणं डोळ्यांसमोर येतं. तेवढं कोणीही जमवेल. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा जॉन झॅकर्ली मात्र सिनेमा चालू असताना सरळ त्यात घुसायचा. ही घुसखोरी तांत्रिकदृष्ट्या कशी जमते आणि कुठे फसते, त्याबद्दल हे टिपण.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९५७ साली स्क्रीन जेम्स कंपनीने युनिव्हर्सल स्टुडिओचे ५२ जुने चित्रपट 'शॉक!' या नावाने एकगठ्ठा अमेरिकेतल्या स्थानिक टीव्ही केंद्रांना भाड्याने दिले. त्यात ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, ममी होतेच, पण काही नुसते खुनाचे आणि हेरगिरीचे, भुताचा पत्ता नसलेले. असला माल रात्री उशिरा लोकांनी बघावा म्हणून केंद्रांनी आपापल्या गावचे निवेदक उभे केले. अँटेना पोचेल तेवढाच त्यांचा मुलूख. फिलाडेल्फियात डब्ल्यूसीएयू केंद्रावर ऑक्टोबर १९५७मध्ये 'शॉक थिएटर' सुरू झालं आणि झॅकर्ली 'रोलँड' बनून गोल जिन्याने तळघरात उतरू लागला. अंगात लांब काळा कोट, तोही याच केंद्राच्या एका जुन्या वेस्टर्न मालिकेत त्याने अंत्यविधीवाल्याच्या भूमिकेत वापरलेला. बायको 'माय डिअर' कायम शवपेटीत. ती दिसायची नाही, पण हा तिच्याशी गप्पा मारायचा.

आता मुद्द्याचं. त्या काळी केंद्राकडे यायची ती १६ मिलिमीटरची प्रिंट. प्रोजेक्टर भिंतीवर नव्हे, थेट टीव्ही कॅमेऱ्यात चित्र फेकायचा. स्टुडिओतला कॅमेरा वेगळा. दिग्दर्शकापुढे बटणांचा फळा, त्यावरून कोणतं चित्र हवेत सोडायचं ते ठरायचं. जाहिरातीच्या वेळी फिल्म थांबवत. रोलँडच्या घुसखोरीत फिल्म थांबत नाही. तिचा आवाजही तसाच चालू राहतो, फक्त चित्र दोन-तीन सेकंदांपुरतं स्टुडिओवर जातं. सिनेमातलं संगीत जोरात वाजतंय, नायिका दचकून कुठेतरी बघतेय आणि पडद्यावर रोलँड थडग्याच्या दगडावर घोड्यासारखा बसून दौडतोय. लगेच परत सिनेमा. पात्रांना पत्ताच नाही. विनोद सगळा त्यातच.

हे थेट प्रक्षेपणात करायचं तर आधी सिनेमा घड्याळ लावून पाहावा लागतो. वितरकाच्या कागदावरची लांबी धरायची नाही. प्रिंट तुटली की जोडताना चौकटी जातात, शिवाय वेळेत बसवायला केंद्रंही कात्री लावत. हातात जी प्रिंट आहे तिच्यावरच मोजायचं. १६ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ३६ फूट पळते, म्हणजे दहा सेकंदांना सहा फूट. सत्तर मिनिटांचा सिनेमा २५२० फुटांचा.

जागा निवडताना पात्र चौकटीबाहेर बघतंय असे शॉट शोधायचे: खिडकीतून डोकावणं, दार उघडणं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणं. पात्र डावीकडे बघत असेल तर निवेदकाने उजवीकडे बघायचं, तरच नजरा भिडतात. बोलणाऱ्या तोंडावर कधी घुसू नये, ऐकणाऱ्यावर घुसावं. चार सेकंदांच्या वर गेलात की प्रेक्षक कथेतून बाहेर पडतो आणि परत यायला कुरकुरतो. एका सिनेमात पाच-सहा जागा पुष्कळ. ज्या सिनेमात शॉट भराभर बदलतात तो या कामाचा नाही. रेंगाळणारा, लांबलचक बोळातून चालणारा सिनेमा उत्तम.

बहुतेकदा फसतं ते असं. निवेदक बटण दाबल्यावर हालचाल सुरू करतो, त्यामुळे पहिला अर्धा सेकंद नुसता उभा दिसतो. कृती कटाच्या आधीच सुरू झालेली हवी. दुसरं म्हणजे स्टुडिओचा माइक उघडा राहतो. मग सिनेमाच्या आवाजात पावलं, खुर्चीची करकर आणि कामगारांचं हसू मिसळतं. मधल्या गप्पांत ते हसू गोड लागतं, इथे सगळं उघडं पाडतं.

रोलँडच्या कार्यक्रमात रक्तासाठी चॉकलेट सिरप वापरत. प्रक्षेपण कृष्णधवल, त्यात लाल रंग मिळमिळीत करडा दिसू शकतो. चॉकलेट काळंभोर दिसतं, दाट असतं आणि सावकाश ओघळतं. रंगीत कॅमेऱ्यासमोर मात्र ते चॉकलेटच दिसणार. तिथे एक वाटी लिक्विड ग्लुकोज, पाव वाटी पाणी, चमचाभर लाल खायचा रंग आणि सपाट चमचा कोको. कोकोशिवाय सरबत वाटतं. ग्लुकोज नसेल तर साखरेचा पाक चालतो, पण लिंबू पिळा, नाहीतर थंड झाल्यावर साखर धरते. थलथलीत अवयव जिलेटिनचे केले तर दिव्यांखाली पाणी होतात. चायना ग्रासचे टिकतात.

क्लीव्हलँडच्या डब्ल्यूजेडब्ल्यूवर १९६३ ते १९६६ एर्नी अँडरसनने 'गुलार्डी' म्हणून हीच युक्ती जास्त आडदांडपणे चालवली. खोटी दाढी, लॅबकोट, एक काच गायब असलेला चष्मा, स्टुडिओत फटाके, आणि सिनेमावर भलतंच गाणं. त्याचे चाहते अजून कट्टर आहेत. पण सिनेमाचा मूळ आवाज राखून त्यालाच गमतीत ओढणं हे जास्त अवघड काम आहे आणि त्यात झॅकर्ली वरचढ. तो १९५८मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसीवर गेला. त्याच वर्षी त्याचं 'डिनर विथ ड्रॅक' हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. २०१६मध्ये तो वारला.

आज घरी करायचं तर ओबीएससारख्या, वेगवेगळी चित्रं अदलाबदल करत दाखवता येणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक स्रोत सिनेमा, दुसरा कॅमेरा, आवाज फक्त सिनेमाचा. कॅमेरा २४ फ्रेमवर, चौकट ४:३, रंग काढून टाकलेला. एकच दिवा गुडघ्याच्या उंचीवर, वर तोंड करून, आणि तुम्ही मागच्या भिंतीपासून निदान दोन मीटर पुढे. नाहीतर तुमचीच भलीमोठी सावली भिंतीवर चढते. सिनेमा निवडताना हक्क तपासा: भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, पण यूट्यूबवर टाकलात की इतर देशांचे नियमही लागू होऊ शकतात.