सरचूची रात्र आणि गाडीची किल्ली

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. लेहहून पहाटे मनालीकडे निघून टांगलांग ला (ला म्हणजे खिंड), मोरे प्लेन्स, पांग करत गाटा लूप्सची 21 वळणं उतरलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. अंधार पडायच्या आत बारालाचा ला ओलांडायचा आणि जिस्पाला गरम पाण्यानं अंघोळ करून झोपायचं, असा बेत. सरचूच्या जरा पुढे ट्रकांची रांग दिसली आणि बेत तिथेच संपला. वर सकाळपासून बर्फ पडतोय, दोन ट्रक आडवे झालेत, बीआरओचं (सीमेवरचे रस्ते सांभाळणारी सरकारी संस्था) मशीन लागलंय, पण आज काही खरं नाही. पुढचा ड्रायव्हर खिडकीतूनच म्हणाला, "कल सुबह देखेंगे जी."

2020 मध्ये 9 किलोमीटरचा अटल बोगदा झाल्यापासून अनेकांना वाटतं की मनाली-लेह रस्ता आता बारमाही झाला. बोगद्यानं सुटली ती फक्त रोहतांगची खिंड. बारालाचा सुमारे 4,890 मीटरवर तसाच बसलाय, आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा मूड कधी जाईल सांगता येत नाही.

सरचूचे तंबू सप्टेंबरअखेरीसच गुंडाळले जातात. एक ढाबा उरला होता. त्यात बुखारीभोवती (खोली गरम ठेवणारी लोखंडी शेगडी) वीसेक माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. बाबांच्या गुडघ्यांना खाली बसणं जमत नाही. त्यामुळे झोपायचं गाडीतच.

बाबा 68 वर्षांचे, सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये. माण तालुक्यातल्या आमच्या गावची एक धनगरी घोंगडी त्यांनी निघतानाच गाडीत टाकली होती. आठवडाभर ती सामानात नुसती जागा अडवत होती, उघड्या खिडकीतून धूळ खात होती. त्या संध्याकाळी मात्र मागची सीट पाडली, आधी फोमच्या चटया, त्यावर घोंगडी, मग स्लीपिंग बॅगा. मला ती अंगावर हवी होती. बाबा म्हणाले, "अगं, थंडी खालून येते. पत्र्यावर झोपणारेस तू." बरोबरच होतं. स्लीपिंग बॅगेचा खालचा भाग आपल्या वजनानं चेपतो, त्यात हवा राहत नाही, आणि हवाच नसेल तर ऊब धरणार कशात? तिथे घोंगडीसारखं न चेपणारं काहीतरी लागतं.

ढाब्यावरून दोन स्टीलच्या बाटल्यांत उकळतं पाणी आणलं, बाटल्या लोकरीच्या मोज्यांत घातल्या, एक पायाशी, एक मांड्यांच्या मध्ये. दिवसभर घातलेले मोजे बदलले, कारण घामानं ओले झालेले मोजे रात्री बर्फाच्या लादीसारखे होतात. कानटोपी घातली. पॉवर बँक, फोन आणि बाबांच्या गोळ्या बॅगेत अंगाशी घेतल्या. प्रत्येकी दोन शेंगदाण्याचे लाडू खाल्ले, कारण रिकाम्या पोटी शरीर ऊब तयार करणार कुठून? शेजारच्या एका गाडीतल्या मुलांनी रम देऊ केली. रमनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं आणि आतली उष्णता उलट भराभर बाहेर जाते. बाबांनी हात जोडून नको म्हटलं (पुण्यात ते जोडत नाहीत).

ढाबेवाला भला माणूस. झोपायला निघालो तर तुपाच्या पत्र्याच्या डब्यात कोळशाचे निखारे भरून घेऊन आला. लालभडक, धूर अजिबात नाही. माझा हात पुढे गेलासुद्धा. बाबांनी तो अडवला. "धूर नाही म्हणून भिऊ नको असं वाटतं ना? त्याचंच भ्यायचं." पावसाळ्यात शेडची दारं लावून एसटी चालू ठेवली की पिटमधल्या (गाडीखाली शिरून काम करायच्या खड्ड्यातल्या) पोराला घेरी यायची, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं घट्ट त्याला धरतं. निखारे आम्ही बाहेरच ठेवले, त्यावर हात शेकले आणि आत गेलो. वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली ठेवली.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं.

रात्री दीडला मला जाग आली. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान उणे 11. श्वासाची वाफ काचांवर आतून गोठली होती, नखानं ओरखडलं की पांढरा भुगा पडायचा. नाक दुखत होतं. बाबा झोपेत कुडकुडत होते, निदान मला तसं वाटलं. मी पुढच्या सीटवर सरकले आणि गाडी सुरू केली. दहा मिनिटं हीटर, मग बंद, असं मनाशी म्हटलं. वारा आत येतोय म्हणून ती बोटभर काचही वर घेतली. दहा मिनिटांत गाडी इतकी छान गरम झाली की मी सीटवरच झोपले.

पुढचं मला आठवतं ते काचेवर लोखंड वाजल्याच्या आवाजापासून. ठण, ठण, ठण. बाहेर एक ट्रकवाला हातात पाना घेऊन उभा. डिझेल गोठलंय का बघायला उठला होता. मी काच खाली केली तर तो ओरडलाच, "मॅडमजी, इंजन बंद करो! पीछे देखो!"

मागे पाहिलं. झोपलो तेव्हा बर्फ पडत नव्हता, पण वाऱ्यानं शेतातला भुसा उडवावा तसा भुरभुरा बर्फ आणून गाडीच्या मागच्या अंगाला ढीग लावला होता. सायलेन्सरचं तोंड त्यात बुडालेलं. धूर मागे न जाता गाडीखालून पसरत दारांच्या फटींशी येत होता. घड्याळात पावणेतीन.

बाबांना उठवलं. "डोकं ठणकतंय," म्हणाले. माझंही ठणकत होतं, मळमळत होतं. आणि इथे मी दुसरी चूक करणार होते. सरचू सुमारे 4,290 मीटरवर आहे, हवेत ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही तर उंचीची ठरलेली दुखणी, लेहला पहिल्या दिवशी हेच झालं होतं. मी रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर काढून बाबांच्या बोटाला लावला. 89. झोपताना 83 होता. मला हायसं वाटलं!

घरी परतल्यावर एका डॉक्टर मैत्रिणीला हे अभिमानानं सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं रक्त आणि मोनॉक्साईड धरलेलं रक्त यांतला फरक कळत नाही, दोन्ही त्याला सारखंच लाल दिसतं. म्हणजे वायू भिनत असताना आकडा चांगलाच दिसणार. तो 89 खरा किती होता, देव जाणे.

त्या रात्री आम्हाला वाचवलं ते पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसानं. त्यानं ऑक्सिमीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही, दोघांनाही बाहेर काढलं, चारी दारं उघडली आणि ढाब्यापर्यंत चालवत नेलं. अर्ध्या तासात माझं डोकं हलकं झालं. उंचीचा त्रास असता तर खाली उतरल्याशिवाय एवढ्यात उतरला नसता, म्हणून मी समजायचं ते समजले. बाबांचं डोकं मात्र सकाळपर्यंत जड होतं.

तिथेच बसल्या बसल्या त्यानं ट्रकवाल्यांची रीत सांगितली. इंजिन चालवायचंच असेल तर आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्यानं साफ, मग एक काच उघडी, एक माणूस जागा, दहा मिनिटं, बंद. एकटा असशील तर चालवूच नकोस. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यातली काही थंडीनं नाही, याच वायूनं. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. वाचून पान उलटलं होतं.

उरलेली रात्र गाडीत काढली, काच उघडी, इंजिन बंद. बाटल्यांत पुन्हा उकळतं पाणी. या वेळी दोघांनी एकाच घोंगडीवर पाठीला पाठ लावून. गंमत म्हणजे त्या तीन तासांत थंडी वाजली, पण झोपही लागली. लघवीला मात्र जावंच लागतं, आळसानं धरून ठेवली तर झोपेचं खोबरं होतं. बाबा दोनदा गेले, दोन्ही वेळा मागे जाऊन सायलेन्सर बघून आले. इंजिन बंद असताना.

आता मी गाडीत बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म ठेवते, झोपल्यावर डोकं येतं त्या उंचीला. त्याच्या भरवशावर इंजिन चालवत नाही.

साडेदहाला रस्ता सुटला. निघताना तो ट्रकवाला टाकीखाली कागदाचा जाळ करून डिझेल पातळ करत होता. दुसऱ्याला गॅसची भीती घालणारा माणूस डिझेलच्या टाकीखाली काडी ओढतो, हे बघून बाबांना राहवलं नाही. त्याला एसटीच्या भाषेत चार शब्द सुनावले. त्यानं "अंकलजी, बीस साल से कर रहा हूँ" म्हणत त्यांनाच चहा पाजला.

जिस्पाला हॉटेलची खोली मिळाली, जाड रजया, भिंतीला सौर पाण्याचा नळ. रात्री दिवा घालवायच्या आधी बाबा उठले, खुंटीवरच्या माझ्या जॅकेटचा खिसा चाचपला, गाडीची किल्ली काढली आणि स्वतःच्या उशीखाली ठेवून झोपले.