सम येऊ दे

"पप्पा, थांबा की जरा. सम येऊ दे."

गाडीची किल्ली हातात घेऊन मी तबल्याच्या क्लासच्या दारात उभा. पोरगी तीनतालात अडकलेली. सोळा मात्रा म्हणजे ठोके, पहिला ठोका म्हणजे सम, नवव्यावर 'खाली', म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा, आणि तिथंच दरवेळी हात घसरत होता. गुरुजी काही बोलले नाहीत, नुसती टाळी देत राहिले. ती पुन्हा पहिल्या 'धा'वर आली. पाच वेळा चुकली. सहाव्यांदा समेवर बरोबर आली आणि मग उठली.

हीच पोरगी घरी एक गणित चुकलं की वही मिटते.

जिन्यात एक पालक भेटले. म्हणाले, "दहावीला वाढीव मार्क मिळतात, म्हणून घातलंय आमच्याला." चूक काहीच नाही त्यात, मिळतात मार्क. पण त्यांच्या मागं त्यांचा मुलगा कठड्यावर बोटांनी ठेका धरून उतरत होता. त्यांचं लक्षच नव्हतं.

सांगलीहून गावभागातून कृष्णाकाठानं घरी येईपर्यंत तेच डोक्यात. शेजारी मिरज. तिथं भोपळ्यापासून तंबोरे घडतात, घराघरात पिढ्यान् पिढ्या. गायक विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, सामान्य घरातल्या पोरांनाही गाणं शिकता यावं म्हणून. एवढं दाराशी असताना आपण मार्कांपाशीच का थांबतो?

रात्री जेवताना तिची बोटं ताटाच्या काठावर चालू होती. मी घास हातात धरून थांबलो, सम येईपर्यंत.

तुमच्या घरी कोण काय शिकतंय?